रूळ उखडलेल्या वाटेवर पुन्हा गाडी : श्रीलंकेच्या रेल्वेबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात श्रीलंकेच्या उत्तर रेल्वेमार्गाची ओळख करून दिली होती. यादवी युद्धामुळे जून १९९० मध्ये बंद पडलेली कोलंबो–जाफना गाडी, म्हणजे ‘याल देवी’, १३ ऑक्टोबर २०१४ ला पुन्हा जाफन्यात शिरली. भारताने दिलेल्या कर्जातून इरकॉन या भारत सरकारच्या कंपनीने ते काम केलं. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (सोलापूर) : जमीन रेल्वेचीच होती, भराव जागेवर होता, मोऱ्या-पूल होते. युद्ध मे २००९ मध्ये संपलं. मग जाफन्याला गाडी जायला साडेपाच वर्षं का लागली? रूळच तर टाकायचे होते!

‘रूळच तर टाकायचे होते’ हे तुमचं वाक्य घेऊनच सुरुवात करू, कारण सगळ्या कामात रूळ टाकणं हाच सर्वांत झटपट होणारा भाग असतो.

उत्तरेकडच्या या पट्ट्यात रूळ आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) उरलेच नव्हते. ते बंकर बांधायला गेले होते. उरला होता तो मातीचा बांध, त्यावर वीस-बावीस वर्षं माजलेलं रान आणि खाली पुरलेले सुरुंग. सुरुंग काढल्याशिवाय मोजणीची साखळीसुद्धा टाकता येत नाही. रेल्वेच्या जमिनीवर हे काम इतर ठिकाणांपेक्षा जास्त किचकट होतं. जुन्या मार्गावर मोडके खिळे, फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे) तुकडे, गंजके बोल्ट, तोफगोळ्यांच्या कपच्या असं लोखंड सगळीकडे विखुरलेलं असतं. धातुशोधक यंत्र प्रत्येक तुकड्यापाशी वाजतं, आणि वाजलं की तो सुरुंगच आहे असं धरून हातानं उकरावं लागतं. साफ करायची जागाही बांधापुरती नसते. माती उचलायच्या खाणी, डंपरचे रस्ते, मोऱ्यांची दोन्ही तोंडं, स्टेशनांची आवारं हे सगळं मोकळं झाल्याशिवाय यंत्रं आत जात नाहीत.

मग येतो भराव. तो जागेवर असला तरी ‘तयार’ नसतो. झाडांची मुळं आतपर्यंत गेलेली असतात. झाड कापून चालत नाही, मूळ काढावं लागतं, कारण ते कुजलं की आत पोकळी राहते आणि दोन पावसाळ्यांनी वरचा रूळ तिथेच खचतो. वारुळांचंही तेच. श्रीलंकेचा उत्तर भाग कोरडा म्हणतात, पण तिथे ईशान्य मोसमी पाऊस काही महिन्यांतच धो धो ओततो आणि मुलूख जुन्या तळ्यांचा आहे. मोऱ्या गाळानं बुजल्या की बांध धरणासारखं पाणी अडवतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडं, असा बांध आतून भिजून सरकतो. म्हणून मोऱ्या आधी, माती नंतर. हा क्रम उलटा केला तर केलेली माती पुन्हा फोडावी लागते.

जुना बांध रुंदही करावा लागतो. भारतात आज एकेरी रुंदमापी मार्गासाठी बांधाचा माथा ७.८५ मीटर धरतात. जुन्या काळचे बांध यापेक्षा अरुंद असत. रुंदी वाढवताना जुन्या उतारावर नुसती माती ओतली तर ती चिकटत नाही. नवी माती वेगळी बसते, जुनी वेगळी, आणि पहिल्याच पावसात माथ्यावर रुळाला समांतर लांबलचक भेग पडते. त्यासाठी जुन्या उताराला आधी पायऱ्या कापतात, मग ३० सेंटिमीटरच्या आतले थर टाकून, माती योग्य तेवढी ओली ठेवून रोलरनं दाबतात. प्रत्येक थराची घनता तपासल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही. कंत्राटदाराची घाई आणि देखरेख करणाऱ्याची चिकाटी यांची खरी झुंज इथे होते. त्यावर जाड वाळू-मुरुमाचा निचऱ्याचा थर, मग खडी, स्लीपर आणि शेवटी रूळ.

आणखी एक. साडेपाच वर्षं काहीच चाललं नव्हतं असं समजू नका. मार्ग तुकड्यातुकड्यानं उघडला: सप्टेंबर २०१३ मध्ये किलिनोच्चि, मार्च २०१४ मध्ये पल्लई, ऑक्टोबरमध्ये जाफना आणि २ जानेवारी २०१५ ला टोकाचं कांकेसंतुरई. असं टोक पुढे सरकवत नेण्यात फायदा असतो, कारण मागच्या तयार मार्गावरून खडी आणि स्लीपर गाडीनंच पुढे आणता येतात.

प्रश्न (मिरज) : एक किलोमीटर रेल्वेमार्गाला नेमकं किती साहित्य लागतं? आणि खर्च किती येतो?

भारतीय रुंदमापी मानकाचे आकडे देतो. श्रीलंकेचं मापही आपलंच, १६७६ मिलिमीटर, त्यामुळे अंदाज बांधायला ते चालतील.

स्लीपर ६० सेंटिमीटरवर एक, म्हणजे किलोमीटरला सुमारे १,६६०. काँक्रीटच्या एका स्लीपरचं वजन २७० किलोच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून साडेचारशे टनांच्या घरात. ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो. दोन रुळांचे किलोमीटरला १२० टन. रूळ पकडून ठेवायला प्रत्येक स्लीपरला चार क्लिपा, म्हणजे ६,६४० क्लिपा, क्लिप आणि रूळ यांच्यामध्ये बसणारे तेवढेच लायनर आणि त्याच्या निम्मे रबरी पॅड. स्लीपरखाली ३० सेंटिमीटर खडीची गादी, मध्ये आणि खांद्याला भरायची खडी वेगळी. सगळी धरून मीटरमागे सुमारे दोन घनमीटर, म्हणजे किलोमीटरला दोन हजार घनमीटर. दहा घनमीटरचा डंपर धरला तर २०० खेपा.

आता उत्तर मार्गावरच्या ओमंतई ते पल्लई या ९० किलोमीटरला हे गणित लावून बघा. दीड लाख स्लीपर! म्हणून अशा कामात पहिला प्रश्न रुळांचा नसतो. खडीची खाण कुठे आणि स्लीपरचा कारखाना कुठे, हा असतो. खडी कुठलीही चालत नाही. २० ते ६५ मिलिमीटरची, टोकदार कडांची, कठीण दगडाची हवी. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. मऊ दगडाचं गाड्यांच्या दणक्यानं पीठ होतं, ते पीठ पाण्याबरोबर चिखल होऊन वर येतं आणि स्लीपर त्यात पंप मारल्यासारखा वरखाली होऊ लागतो. मार्गालगत असा चिखल दिसला तर तो हाच आजार.

खर्चाचं म्हणाल तर श्रीलंकेत तुलनेला दोन छान नमुने आहेत. ओमंतई–पल्लई पुनर्बांधणीचं कंत्राट सुमारे १८.५ कोटी डॉलरचं होतं, किलोमीटरला वीस लाख डॉलरच्या आसपास. दक्षिणेत मातारा ते बेलिअत्ता हा २६.७५ किलोमीटरचा अगदी नवा मार्ग चीनच्या एक्झिम बँकेच्या सुमारे २७.८ कोटी डॉलर कर्जातून झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला. किलोमीटरला एक कोटी डॉलरहून जास्त! पाचपट. एवढ्यावरून कोणी कोणाला लुटलं असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. उत्तरेत जमीन सपाट, हाताशी आणि आखणी जुनी होती, सिग्नलचं काम वेगळ्या कंत्राटात होतं. दक्षिणेत जमीन नव्यानं घेतली, ६१५ मीटरचा नाकुलुगमुवा बोगदा खोदला, दीड किलोमीटरचा उंच पूल बांधला. मात्र आमचं मत विचाराल तर पैशाची चणचण असलेल्या देशानं आधी जुन्या मार्गांची डागडुजी करावी. मातारा मार्ग पुढे हंबनटोटा आणि कतरगामाकडे जायचा होता. तो बेलिअत्त्यालाच थांबला आहे, आणि अर्धवट मार्गाला पुऱ्या मार्गाइतके प्रवासी मिळत नाहीत. व्याज मात्र पूर्ण रकमेवर.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो. हल्ली रूळ वेल्डिंग करून अखंड जोडतात. मग ते उन्हात फुगून वाकत कसे नाहीत? लहानपणी दोन रुळांत फट असायची.

वाकायला बघतातच. त्यांना दाबून धरलेलं असतं.

रूळ मोकळा सोडला तर एक किलोमीटरचा रूळ ३० अंशांनी तापल्यावर सुमारे ३४ सेंटिमीटर लांबेल. त्याला लांबूच दिलं नाही तर तो ताण आतच साठतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला अंदाजे १.९ टन. हवा ३५ अंश असली तरी उन्हातला रूळ ५५ ते ६० अंशांवर सहज जातो. रूळ ४० अंशांना पक्का केला असेल आणि तो ६० ला गेला, तर प्रत्येक रुळात ३८ टन, दोन्हींत मिळून ७६ टनांचा दाब. हा दाब स्लीपरचं वजन, क्लिपांची पकड आणि खडी मिळून झेलतात. खडीत खांद्याची खडी सर्वांत महत्त्वाची: स्लीपरच्या टोकाबाहेर ३५ सेंटिमीटर, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ५०. गावकऱ्यांनी पायवाट पाडून तिथली खडी सरकवली, की चैत्रातल्या दुपारी नेमका तिथेच रूळ सापासारखा वळतो.

म्हणून अखंड रूळ कोणत्या तापमानाला पक्का केला त्याची नोंद जिवापाड जपायची असते. पहाटे गारठ्यात रूळ जोडून क्लिपा ठोकल्या तर दुपारी धोका. भर दुपारी जोडले तर थंडीच्या रात्री ताण येऊन वेल्डिंग तुटायचा धोका. यावर उपाय असा: क्लिपा काढायच्या, रूळ रोलरवर उचलून मोकळा करायचा, ठरलेल्या तापमानाला तेवढी लांबी आली की पुन्हा पक्का करायचा. तापमान जमत नसेल तर जॅकनं ताणून लांबी आणतात.

जागेवरचं वेल्डिंग हा दुसरा नाजूक भाग. दोन टोकांत २५ मिलिमीटर फट ठेवतात, भोवती साचा बसवतात, टोकं लालभडक तापवतात आणि वर मुशीत लोहभस्म व ॲल्युमिनियमची पूड पेटवतात. अडीच हजार अंशांच्या आसपासचं पोलाद खाली ओतलं जातं. फट कमी असली तर कडा नीट वितळत नाहीत. तापवण्यात कसूर झाली तरी तेच. पूड किंवा साचा दमट असेल तर सांध्यात बुडबुडे राहतात आणि ते वरून दिसत नाहीत. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत पुडीच्या पिशव्या फुटक्या शेडमध्ये ठेवल्या तर हा दोष हमखास निघतो. ओतल्यावर चार-पाच मिनिटांनी वरचा फुगवटा कापतात, पण अर्धा तास तरी त्यावरून गाडी सोडायची नाही. नंतर प्रत्येक सांध्याची ध्वनिलहरींनी तपासणी. ही तपासणी ‘नमुन्यादाखल’ करतो म्हणणारा कंत्राटदार दारातूनच परत पाठवावा.

प्रश्न (बार्शी) : आमच्या बार्शी लाइटसारखी अरुंद गाडी श्रीलंकेतही होती असं ऐकलं. तिचं काय झालं?

होती, आणि माप अगदी तुमचंच: ७६२ मिलिमीटर. कोलंबोतून अविस्सावेल्लाकडे जाणारा केलनी खोऱ्याचा मार्ग. रबर आणि चहाच्या मळ्यांसाठी बांधलेला. अविस्सावेल्लाच्या पुढच्या फांद्या केव्हाच उखडल्या. उरलेला सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग १९९० च्या दशकात रुंदमापी केला.

इथेच एक मोलाचा धडा आहे. अरुंद गाडी नागमोडी वळणं सहज घेते, म्हणून तो मार्ग टेकड्या-ओढे चुकवत काढलेला होता. रुंद करताना आखणी फारशी सरळ केली नाही, कारण भोवती कोलंबोची वस्ती दाटली होती. रूळ रुंद झाले, वळणं तीच राहिली. वळणावरचा वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. बाहेरचा रूळ ७५ मिलिमीटर उचललेला आणि उचल आणखी तेवढीच कमी पडली तरी चालेल अशी सूट धरली, तर १,००० मीटर त्रिज्येला ताशी १०० किलोमीटरच्या वर जाता येतं, ४०० ला ६६, १७५ ला जेमतेम ४३. शेकडो टन वजनाची गाडी त्या वळणांवर चाकाची कड आणि रुळाची बाजू घासत चालते. दोन्ही लवकर झिजतात. याउलट बार्शी लाइट रुंद करताना मार्ग उस्मानाबादकडे, आताच्या धाराशिवकडे, वळवून काही ठिकाणी नव्यानं आखला. खर्च वाढला, वेळ गेला, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळाली. माप बदलणं आणि आखणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला पैसे नाहीत म्हणून पहिलंच केलं, तर हाती येते ती हळू चालणारी मोठी गाडी.

प्रश्न (ठाणे) : उत्तरेचा मार्ग २०१५ मध्ये नवाकोरा झाला. तरी २०२३ मध्ये पुन्हा तोच मार्ग महिनोन्‌महिने बंद ठेवल्याच्या बातम्या होत्या. काम निकृष्ट होतं का?

नाही. तो तुकडा वेगळा. ओमंतईच्या उत्तरेचा मार्ग नवा झाला, पण त्याच्या दक्षिणेचा माहो ते ओमंतई हा १२८ किलोमीटरचा भाग युद्धकाळात वव्हुनियापर्यंत बहुतेक चालूच राहिला होता, म्हणून त्याची मुळातून पुनर्बांधणी झाली नव्हती. चालू असल्यामुळेच तो सर्वांत थकलेला. प्रवाशाला तर कोलंबोहून निघाल्यावर आधी हाच भाग पार करावा लागतो.

हिशेब करा. १२८ किलोमीटर ताशी ६० नं गेले तर दोन तास आठ मिनिटं. १०० नं गेले तर एक तास सतरा मिनिटं. इथे वाचणारी ५१ मिनिटं उत्तरेत रूळ कितीही गुळगुळीत केले तरी भरून निघत नाहीत. मार्ग एकेरी असल्यानं परिणाम दुप्पट होतो: हळू भागात दोन स्टेशनांमधला वेळ वाढतो, समोरची गाडी तेवढी जास्त थांबते, आणि दिवसाला सोडता येणाऱ्या गाड्यांची संख्याच घटते. जानेवारी २०२३ मध्ये हे काम सुरू झालं, सुमारे ९.१३ कोटी डॉलरचं, पुन्हा भारताच्याच कर्जातून आणि इरकॉनकडूनच. आधी अनुराधापुरा–वव्हुनिया बाजू बंद करून केली, मग माहो–अनुराधापुरा. ६ एप्रिल २०२५ ला अनुराधापुऱ्यात त्याचं उद्घाटन झालं.

पूर्ण बंद ठेवायची गरज काय, असाही सूर पत्रांत आहे. ठाण्याच्या प्रवाशाला रविवारचा मेगाब्लॉक ओळखीचा, म्हणून तसंच का नाही केलं? चार तासांच्या ब्लॉकमध्ये यंत्रं जागेवर न्यायला एक तास, परत काढायला आणि मार्ग सुरक्षित करायला एक तास; प्रत्यक्ष काम दोन तास. शिवाय खालची माती उकरायची असेल तर ते चार तासांत होतच नाही, कारण गाडी यायच्या आत सगळं पुन्हा भरावं लागतं. मुंबईत पर्याय नाही, कारण लाखो लोक त्यावरच जगतात. उत्तर श्रीलंकेत दिवसाला मोजक्या गाड्या आणि शेजारून चांगला रस्ता. तिथे सहा महिने बंद ठेवून मुळातून काम केलेलं परवडतं. अर्थात त्या सहा महिन्यांत बसला गेलेला प्रवासी आपोआप परत येत नाही. वेळापत्रक पहिल्या आठवड्यापासून चोख ठेवलं तरच येतो.

उघडल्या दिवशी १०० चा वेग मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. नव्या खडीला बसायला वेळ लागतो. यंत्रानं एकदा दाबून ताशी २० नं गाड्या सोडायच्या, दुसऱ्यांदा दाबून ४०-४५, मग ७५, आणि त्यानंतर पूर्ण वेग. मधली पायरी गाळली की रुळाची पातळी एका बाजूनं बसते आणि सगळं पहिल्यापासून.

प्रश्न (कर्जत) : कँडी–बदुल्ला घाटाची चित्रं सगळीकडे दिसतात. आपल्या बोरघाटासारखी तिथे दुसरी-तिसरी लाइन का टाकत नाहीत?

बोरघाटाचा चढ ३७ ला १, त्यांचा ४४ ला १. म्हणजे तुमचा घाट जास्त खडा. पण त्यांची वळणं जीवघेणी: पाच साखळ्यांची, म्हणजे १०० मीटर त्रिज्येची, तीही रुंदमापी मार्गावर. ३०० टनांच्या गाडीला ४४ ला १ चढावर नुसत्या चढासाठी जवळजवळ सात टन ओढ लागते. अशा वळणाचा विरोध त्यात आणखी सुमारे दोन टनांची भर घालतो. वेग तिशीच्या आसपास. पट्टिपोलापाशी मार्ग १,९०० मीटरच्या जवळ चढतो. दुसरी लाइन टाकायची तर डोंगर पुन्हा कापायचा, आणि त्या डोंगरांत दरडींचा त्रास आधीच आहे. मालवाहतूक तेवढी नाही. म्हणजे खर्च कोण फेडणार?

तिथे करण्याजोगं काम वेगळंच आहे: कटिंगच्या (डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या) माथ्यावरचे पाण्याचे चर पावसाळ्याआधी मोकळे करणं, सुटलेले दगड पाडणं, आणि सिग्नल. त्या मार्गावर अजून जुनी टॅब्लेट पद्धत आहे (टॅब्लेट म्हणजे ड्रायव्हरला परवाना म्हणून द्यायची धातूची चकती), आपल्याकडच्या परवान्याच्या ‘गोळ्या’ची चुलत बहीण. दोन स्टेशनांतल्या यंत्रांतून एका वेळी एकच टॅब्लेट निघते. ती ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढे. सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण अडचणी येतात. एका दिशेनं जास्त गाड्या गेल्या की सगळ्या टॅब्लेट एका टोकाला साठतात आणि अधिकाऱ्यानं त्या हातानं परत नेऊन भरेपर्यंत खोळंबा. शिवाय प्रत्येक देवाणघेवाणीला वेग कमी करावा लागतो आणि दर स्टेशनात माणूस चोवीस तास हवा.

प्रश्न (मालवण) : त्यांची गालकडची गाडी समुद्राला चिकटून जाते. खाऱ्या वाऱ्यात रूळ टिकतात?

कमी टिकतात. गंज डोळ्यांना दिसतो तिथे फारसा घातक नसतो. रुळाच्या तळव्यावर लायनर टेकतो त्या जागी मीठ आणि ओल साठून खाच पडते. वरून रूळ ठणठणीत, खालून कुरतडलेला. क्लिप तिथेच गंजून जाम होते आणि काढायला गेलं की तुटते. इलाज कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: ठरावीक काळानं प्रत्येक क्लिप काढून, जागा घासून, ग्रीस लावून परत बसवायची आणि तळव्याला गंजरोधक रंग द्यायचा. किलोमीटरला ६,६४० क्लिपा हा आकडा वर दिलाच आहे. म्हणजे हे मार्गाची देखभाल करणाऱ्या गँगच्या माणसांचं काम, आणि पैसे कमी पडले की सगळीकडे पहिली कात्री याच माणसांना लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच मार्गावर पेरलिया इथे गाडी वाहून गेली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. मार्ग फेब्रुवारीत, दोन महिन्यांच्या आत, पुन्हा चालू केला होता. पुढे त्याचं नीट नूतनीकरणही भारताच्या कर्जातून झालं.

प्रश्न (पुणे) : नवे मार्ग झाले; इंजिनं आणि डबे?

ही त्यांची खरी दुखरी नस. कॅनडातून १९५४ पासून आलेली एम-२ वर्गाची इंजिनं अजून कामाला जुंपलेली आहेत, ही त्या इंजिनांची आणि रत्मलानाच्या कारखान्यातल्या कारागिरांची तारीफ. पण त्यांच्या शेजारी जर्मन, जपानी, चिनी आणि भारतीय गाड्या उभ्या असतात. मदत किंवा कर्ज ज्या देशाचं, गाडी त्या देशाची. वाराणसीची दहा एम-११ इंजिनं आणि चेन्नईच्या कारखान्यातले एस-१३ डिझेल गाड्यांचे संच राइट्स या भारत सरकारच्या कंपनीमार्फत याच वाटेनं आले. त्यातला वातानुकूलित संच जानेवारी २०२२ पासून कांकेसंतुरईला धावू लागला.

प्रत्येक जातीला वेगळे फिल्टर, वेगळे पिस्टन, वेगळी वायरिंग, वेगळा शिकलेला मिस्त्री. दहाच इंजिनं असली तरी सुट्या भागांचा साठा दहा जातींसाठी ठेवावा लागतो. २०२२ मध्ये परकीय चलन आटलं तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. एका बंद गाडीचे भाग काढून दुसरी चालवणं हा तेवढ्यापुरता मार्ग, पण सहा महिन्यांत दोन्ही गाड्या उभ्या राहतात. कर्जाच्या करारातच पाच वर्षांचे सुटे भाग आणि कारखान्यातल्या माणसांचं प्रशिक्षण लिहून घेणं हे चार डबे जास्त घेण्यापेक्षा केव्हाही फायद्याचं.

प्रश्न (दादर) : रुळाचं माप एकच आहे, तर मुंबईहून कोलंबोला रेल्वेनं जाता येईल का?

पूर्वी रेल्वे आणि बोट मिळून जाता येत असे. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला, गाडी धनुष्कोडीला जाई, तिथून आगबोटीनं तलैमन्नार आणि पुढे पुन्हा गाडी. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडीचा मार्ग वाहून गेला. तलैमन्नारचा मार्ग मात्र मार्च २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला आहे. पांबनचा नवा पूलही झाला, ७२.५ मीटरचा तुकडा सरळ वर उचलला जातो असा. त्याचं उद्घाटन ६ एप्रिल २०२५ चं, माहो–ओमंतईच्याच दिवशी. मधला सुमारे तीस किलोमीटरचा समुद्र तसाच आहे.

आज जायचं तर वाट वेगळी: नागपट्टिणमला रेल्वेनं जायचं (लोकमान्य टिळक टर्मिनसहून कारैकलची साप्ताहिक गाडी त्याच वाटेनं जाते, नाहीतर चेन्नईला बदलायची) आणि तिथून बोटीनं थेट कांकेसंतुरई. ही बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. मध्ये खंड पडले आहेत आणि ईशान्य मोसमाच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना ते पाहा. पासपोर्ट आणि श्रीलंकेची आगाऊ प्रवासपरवानगी लागते. कांकेसंतुरईचं स्टेशन बंदराच्या जवळच आहे. कोलंबोची गाडी दिवसाला थोड्याच वेळा सुटते, म्हणून बोटीच्या दिवशीची पुढची गाडी धरण्याऐवजी रात्र जाफन्यात काढून सकाळची धरलेली बरी.